वन्संचे दात

९ नोव्हेंबर

आज सकाळी दैवशालाची मिश्रीची डबी मी गटारात रिकामी केली. फार पूर्वीच करायला हवं होतं.

तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठवायचा, मग ती पूड बोटावर घेऊन मोरीच्या कडेला फतकल मारायची आणि बोट फिरवत गल्लीतल्या बायकांशी गप्पा हाणायच्या. याला ही बाई दात घासणं म्हणते. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला प्रार्थनेआधी रांगेत उभं करून दात बघायच्या. पिवळी रेघ दिसली की ती मुलगी दुपारपर्यंत बाकावर उभी. त्या शिस्तीत वाढलेली मी, आणि माझ्याच घरात हे.

तिनं भांडण केलं नाही. नुसती म्हणाली, "वैनी, मिश्रीनं दात मजबूत ऱ्हातेत. मव्ह्या आईचे मरस्तोवर व्हते."

मी म्हटलं, "तुमच्या आईचे दोनच होते, वन्सं. तेही समोरासमोर नव्हते."

हसली. काळे दात दाखवून हसली. मग तवा घासायला घेतला.

१२ नोव्हेंबर

समोरची सुलाबाई दारातच उभी राहून म्हणाली, "काय ओ मॅडम, नणंदेची मिश्री बंद केली म्हणं? आता तिला परसाकडं कशी व्हावी?"

मी म्हटलं, "सुलाबाई, तुमच्या तोंडाचा वास इथपर्यंत येतोय. तुमची डबीही आणून द्या, गटार रुंद आहे."

टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन गंगाखेडला राहायला आले तेव्हापासून या गल्लीशी माझं हेच चाललंय. सूर्यभान होते तोवर निदान संध्याकाळी एक शहाणा माणूस घरी असायचा. ते गेले आणि त्यांची ही धाकटी बहीण तेवढी माझ्या वाट्याला राहिली. नवऱ्यानं परत पाठवली ती परतच राहिली. मी परभणीला एक्स्चेंजमध्ये ड्यूटी करायचे, ही घर बघायची. म्हणजे स्वयंपाक, धुणी, सासूबाईंचं दुखणं, सूर्यभानचं दुखणं. तेवढं करणारच. राहते कुणाच्या घरात?

दिवसभर आम्ही दोघी एकमेकींशी फार तर वीस वाक्यं बोलतो. त्यातली बरीचशी मीच बोलते.

१७ नोव्हेंबर

उशीच्या अभ्र्यावर लाल डाग. दैवशालानं तो माझ्यासमोर आणून धरला, जणू मीच सांडलंय.

"मिश्री व्हती तवर रगत न्हवतं, वैनी. सोडली अन् हिरड्यातून रगत यायलंय."

मी म्हटलं, "रक्त येतंय म्हणजे घाण निघतेय." खरं तर मला त्यातलं काही कळत नाही. पण तिच्यापुढे 'मला माहीत नाही' म्हटलं की संपलंच.

नळाला आज आठवड्यानं पाणी आलं. त्याआधी तिनं हौद घासला. अर्धी आत वाकून काथ्यानं भिंती खरडल्या आणि मग पायरीवर बसून राहिली. "धाप लागायली, वैनी." मिश्रीची तलफ, दुसरं काय! कामाच्या वेळी धाप लागणं हे जुनंच आहे. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, दैवशालाचे लहानपणी गुडघे सुजायचे, ताप चढायचा, मग ताडकळसहून बैलगाडीनं पूर्णेला नेऊन महिन्याच्या महिन्याला सुई टोचायचे. लग्न झाल्यावर सुई बंद. सासरी कोण लाड करतंय? शेंडेफळाची थेरं सगळी.

२३ नोव्हेंबर

आज माझा विजय झाला, म्हणून सविस्तर लिहिते.

शाळेच्या मैदानात दातांचं शिबिर होतं. एक मोठी गाडी, आत खुर्ची, दिवा, यंत्र सगळं. दैवशाला येईना. "दात साफ केले की हालतेत, सारी दुनिया सांगते." मी म्हटलं, "सारी दुनिया म्हणजे सुलाबाई." हाताला धरून नेली.

डॉक्टर मुलगी लहान, पण नीटनेटकी. निकिता नाव. मी इंग्रजीत बोलायला लागल्यावर तिनं खुर्ची पुसून दिली. दैवशालाचं तोंड उघडून तिनं आरसा फिरवला. मग म्हणाली, "आजी, घरी पाण्याचा हौद आहे का?"

"हाय की. म्याच घासते."

"आतून बोट फिरवलं तर कसं लागतं?"

"बुळबुळीत. पानी वतून जात न्हाई ते. खरडावं लागतंय."

"तुमच्या दातांवर तेच आहे. जंतू सुटे असले की लाळेबरोबर वाहून जातात. पण ते दाताला चिकटतात, एकमेकांना धरतात आणि स्वतःभोवती चिकट लगदा करून त्यात राहतात. एका जातीचे नाहीत, शेकडो जातींचे. एकाचं उरलेलं दुसरा खातो. वरून औषध टाकलं तर ते वरच्यावरच अडतं. रोज घासून काढलं नाही की त्याचा दगड होतो, त्याला कीटण म्हणतात. मग सगळं बिऱ्हाड हिरडीखाली सरकतं."

"म्हंजी मव्ह्या तोंडात गाव वसलंय म्हना की."

"गाव कुठलं, तालुका आहे," डॉक्टर म्हणाली. दोघी हसल्या. मला तो पोरकटपणा आवडला नाही.

मिश्रीचं मी विचारलं. डॉक्टर म्हणाली, तंबाखूनं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून आजार आत असूनही रक्त दिसत नाही. सोडल्यावर दिसायला लागतं. सोडलीत ते फार चांगलं केलंत. मी दैवशालाकडे पाहिलं. ती छताच्या दिव्याकडे बघत होती.

मग डॉक्टरनं भराभर प्रश्न विचारले. साखर? रक्तदाब? हृदयाचा काही त्रास, धाप लागते का, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? दैवशालानं तोंडातला कापूस काढला आणि "ल्हानपनी..." असं रामायण सुरू केलं. बाहेर उन्हात पन्नास बायका उभ्या. मी म्हटलं, "वन्सं, डॉक्टरांना वेळ नाही," आणि डॉक्टरला सांगून टाकलं, "नो, नो. नथिंग ऑफ द काइंड."

ट्रंक कॉलच्या जमान्यात मी हेच करायचे. खेड्यातून कुणी तरी फोन लावायचं आणि तीन मिनिटं नुसतं "हॅलो, हॅलो, कोन बोलायलंय?" करत बसायचं. मी मध्ये पडून त्यांचा निरोप दोन वाक्यांत सांगून टाकायचे. किती जणांची मिनिटं मी वाचवली असतील.

यंत्रानं कीटण काढलं. टरबुजाच्या बियांएवढे काळे खडे निघाले. दैवशालानं ते तळहातावर घेऊन पाहिले. घरी आल्यावर म्हणाली, "वैनी, जीभ फिरवली की दुसऱ्याचंच तोंड वाटायलंय."

२६ नोव्हेंबर

"दात हालायलेत." सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कीटणानंच धरून ठेवले होते ते, आता खरं काय ते दिसलं, असं डॉक्टरनं आधीच बजावलं होतं. हिला ऐकायचं नसतं.

९ डिसेंबर

दैवशालाला ताप. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरनं टायफॉइड म्हणून सलाईन लावली, गोळ्या दिल्या. परवा माझ्या नकळत एसटीनं ताडकळसच्या बाजाराला गेली होती, तिथलं पाणी प्यायली असणार. विचारलं तर म्हणाली, "गावाकडं जाऊशी वाटलं, गेले."

१६ डिसेंबर

ताप उतरला. ब्रशनं दात घासते आता, मी समोर उभी असले की.

२५ डिसेंबर

ताप पुन्हा. अंगावरचं लुगडं घामानं पिळून काढावं असं भिजतं. दुसऱ्या गोळ्या. जेवणाची इच्छा नाही म्हणते. आज नाताळ. कॉन्व्हेंटात आजच्या दिवशी सिस्टर आम्हाला केकचा एकेक तुकडा द्यायच्या आणि लगेच नळावर चुळा भरायला न्यायच्या. ती रांग, ते थंड पाणी. तेव्हा वाटायचं, स्वच्छ राहिलं की आयुष्यात काहीही वाईट होत नाही.

स्वयंपाक मी केला. वरण खारट झालं. दैवशालानं काही न बोलता खाल्लं, मग ओकली.

३ जानेवारी

तिच्या बोटांच्या टोकांना लाल, दुखरे ठिपके आलेत. तापात उठून सुलाबाईकडे तुरीच्या शेंगा सोलायला बसली होती. मी म्हटलं, "घ्या आता." म्हणाली, "शेंगानं न्हाई, वैनी. आधीपसूनच हायेत."

दुपारी त्या दाताच्या डॉक्टरचा फोन. हिरड्या खोलवर साफ करायच्या राहिल्यात, आजी आल्या नाहीत. मी म्हटलं, ताप आहे. "ताप? कधीपासून? येऊन-जाऊन आहे का?" मी म्हटलं, थंडीचा आहे. तरी तिचं चालूच: लांबलेला ताप आहे, नांदेडला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, आजींशी बोलू का मी जरा? मी म्हटलं, त्या झोपल्यात.

झोपली नव्हती. दारातून बघत होती. पण दाताच्या डॉक्टरनं तापात का पडावं?

१४ जानेवारी

संक्रांत. पोळ्या मी लाटते म्हणून हट्टानं उठली. तिसरी पोळी तव्यावर असताना भिंतीला टेकली आणि खाली बसत गेली. ओठ निळे. श्वास असा, की कुणीतरी आत करवत चालवतंय. "वैनी, पोळी जळायली," म्हणाली.

सुलाबाईचा मुलगा परमेश्वर जीप घेऊन आला. सुलाबाई मागे बसली, दैवशालाचं डोकं मांडीवर घेऊन. मी पुढे. रस्ताभर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. एकही बाजूला होईना. मी काच खाली करून ओरडत होते, आणि मागून तिचा आवाज, "वैनी, कामून वरडायलाव. जाऊ द्या."

१६ जानेवारी, नांदेड

हृदयाची झडप. सोनोग्राफीसारखी तपासणी करून डॉक्टरनं पडद्यावर दाखवलं. एक पाकळी उघडते, मिटते, आणि तिच्यावर काहीतरी लोंबतंय, पाण्यातल्या शेवाळासारखं हलतंय.

डॉक्टर म्हणाला, तोंडातले जंतू रक्तातून गेले आणि झडपेवर चिकटून बसले. तिथंही तसाच थर करून राहिलेत. म्हणून साध्या गोळ्यांनी ताप दबायचा आणि पुन्हा यायचा. गोळ्या थरावरून वाहून जात होत्या. आता शिरेतून औषध, पाच-सहा आठवडे.

चांगल्या झडपेवर ते असे सहसा बसत नाहीत, म्हणाला. ही लहानपणापासून खराब आहे. सांधे सुजण्याचा ताप आला होता ना? महिन्याची इंजेक्शनं चालू होती ना? मग हे आतापर्यंत कुणाला सांगितलं नाही का?

मी तोंड उघडायच्या आत दैवशाला खाटेवरून म्हणाली, "मला कुनी इचारलंच न्हाई."

हे धादांत खोटं आहे. शिबिरात विचारलं होतं. माझ्यासमोर विचारलं होतं.

१७ जानेवारी

काल पुढे लिहिता आलं नाही.

डॉक्टरला मी शिबिराचं सांगितलं. ती साफसफाई केल्यामुळेच हे झालं का, असं स्पष्ट विचारलं. तो म्हणाला, तसं म्हणता येत नाही. हिरड्या इतक्या सडलेल्या असल्या की रोज घास चावतानाही जंतू रक्तात जातात. आज ना उद्या झालंच असतं कदाचित. तोंड साफ करणं बरोबरच होतं. फक्त झडपेचं माहीत असतं तर आधी औषध दिलं असतं, आणि नंतर ताप आल्याबरोबर पहिल्याच दिवशी रक्त तपासलं असतं.

तसं म्हणता येत नाही. डॉक्टरनं स्वतः म्हटलं आहे.

त्या पोरीनं तरी माझ्या बोलण्यावर विश्वास का ठेवावा? पेशंट खुर्चीत होता. पेशंटला विचारायचं असतं. एवढं शिकवत नाहीत का यांना?

२१ जानेवारी

ताप कमी. आज बोलली थोडं. समोरच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती, "ह्या मव्ह्या वैनी. लय शिकलेल्या हायेत. डॉक्टरासंगं समदं इंग्रजीत बोलतेत. मला कायच बगावं लागत न्हाई."

ती बाई माझ्याकडे आदरानं पाहायला लागली. मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेले आणि नळाशी उभी राहिले. नळाला पाणी नव्हतं.

२४ जानेवारी

सकाळी चहा पाजताना उजव्या कोपऱ्यातून गळायला लागला. मी म्हटलं, "वन्सं, नीट." तिनं माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणायला गेली आणि नुसता घशातून आवाज आला. उजवा हात खाटेवरून खाली लोंबला.

झडपेवरच्या त्या शेवाळाचा कण सुटला आणि मेंदूत जाऊन अडकला.

२ फेब्रुवारी

शुद्धीवर आहे. समजतं सगळं असं डॉक्टर म्हणतात. बोलणं गेलं. परत येईल का, यावर नुसते हात हलवतात. झडप बदलायला हैदराबादला न्यावं लागेल, पण या अवस्थेत शस्त्रक्रिया झेपणार नाही, हृदय फार थकलंय. मग काय करायचं? औषध पुरं करायचं आणि घरी न्यायचं. घरी नेऊन काय?

आज एक नवीन डॉक्टर आला. कागद न बघता थेट तिच्याकडे वाकून म्हणाला, "आजी, नाव काय तुमचं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं. कुठल्याही दुकानात, बँकेत, दवाखान्यात ती असंच बघायची आणि मी बोलायचे.

माझ्या जिभेवर नाव होतं. मी दात आवळून धरले. म्हटलं, बोलेल. थोडा वेळ दिला तर बोलेल. तिचे ओठ हलले, आत जीभ वळवळली. गळ्याची शीर ताणली. डोळ्यांतून पाणी आलं, तरी ती माझ्याकडेच बघत होती.

डॉक्टर वैतागला. "अहो, तुम्ही तरी सांगा ना."

१० फेब्रुवारी

काहीही नाही. तेच छत, तीच बाटली, तेच थेंब. मी का लिहिते आहे कळत नाही.

२७ फेब्रुवारी, गंगाखेड

कालच घरी आलो. सुलाबाईनं घर झाडून, हौद घासून ठेवला होता. मी आभार मानले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, मॅडम. तिच्यासाठी केलंय."

वन्संचं तोंड दिवसातून दोनदा साफ करायला सांगितलंय. बोटाला फडकं गुंडाळून मी एकेक दात पुसते. उरलेत थोडेच. बाकीचे नांदेडला काढले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडात मी कधी पाहिलं नव्हतं. लांबूनच नाक मुरडलं. डाव्या गालाच्या आत एक जुना व्रण आहे, सासरचा असावा. कधी बोलल्या नाहीत. किंवा बोलायला लागल्या असतील.

दुपारी फोन वाजला. डॉक्टर निकिता. कुठून तरी कळलं होतं तिला. रडवेली वाटली. म्हणाली, "मॅडम, आजी कशा आहेत? त्यांना काही त्रास आहे का?"

मी सांगू शकले असते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डॉक्टरांनी महिना-दोन महिन्यांचं म्हटलंय. दोन वाक्यांचं काम.

मी म्हटलं, "त्यांनाच विचारा," आणि फोन वन्संच्या कानाला लावून धरला.

पलीकडून बारीक आवाज येत राहिला. "हॅलो, आजी? हॅलो? मी बोलतेय, शिबिरातली. काही त्रास आहे का आजी?" वन्सं कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांनी डावा हात हळूहळू वर उचलला, पहिलं बोट ओठांत घातलं आणि दातांवरून फिरवलं. एकदा, दोनदा. माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फिरवलं.

मिश्री मागत होत्या.

पलीकडच्या मुलीला ते दिसणार नव्हतं. "हॅलो, आजी? हॅलो?" चालूच होतं.

"बोला, वन्सं," मी म्हटलं. "लाईन चालू आहे."